टेंभुर्णीच्या घड्याळाचे तीन दात

दहा वाजून दहा मिनिटं. भिंतीवर चौदा घड्याळं आणि चौदांतही दहा वाजून दहा मिनिटं. बाहेर बायपासचं डांबर उन्हाने चकाकत होतं, माझ्या मनगटावर पावणेदोन झाले होते, पोटात त्याहून जास्त झाले होते, आणि भिंतीवरची ही चौदा मात्र ओळीने उभी राहून एकच खोटं बोलत होती.

मुलाला बढती मिळाली म्हणून तो मला अंबडहून जालन्याला जेवायला घेऊन आला होता. हॉटेलचं नाव सांगणार नाही. मी कुणाची फुकट जाहिरात करत नाही. जुन्या काळाचा देखावा उभा करून नव्या काळाचं पनीर खायला घालणारं ते ठिकाण. दारात बैलगाडीचं चाक, पितळी हंड्यात प्लास्टिकची फुलं, आणि आत ही भिंत. मुलगा म्हणाला, "आई, बघ, तुझ्या माहेरचा माल!" त्याला वाटलं, मी हरखून जाईन.

मी कान दिला. एका खोलीत चौदा घड्याळं आणि एक टिक नाही. ज्या घरात मी वाढले, तिथे शांतता पसरली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय झालं हो?" आमच्याकडे आवाज म्हणजे सगळं ठीक, आणि शांतता म्हणजे आजार.

मग मला मोर दिसला. डावीकडून पाचव्या घड्याळाच्या माथ्यावर कोरलेला, पिसारा मिटलेला, चोच तुटलेला मोर. मी चप्पल काढली, खुर्ची ओढली आणि चढले. बावन्नाव्या वर्षी बाई भर हॉटेलात खुर्चीवर चढते तेव्हा आजूबाजूच्या टेबलांवरचे घास थांबतात. थांबू देत. मी घड्याळाचं दार उघडलं, खालून हात घातला. तबकडीमागे बोटांना थंड पितळ लागायला हवं होतं. लागलं कोळ्याचं जाळं. काट्यांच्या बुडाशी गोंदाचा पिवळा थेंब सुकलेला.

"मावशी, मावशी! टच नका करू, अँटिक हाय ते!" मालक पळत आला. पोरगेलासा, दाढी कोरलेली.

"मी बी अँटिकच हाय बाळा. माझ्या पोटातलं बी काढून घेतू का?" रागावले की माझी भाषा माझं ऐकत नाही, थेट जुन्या जालन्याच्या गल्लीत जाऊन उभी राहते. "ह्याचं मशीन कुठं गेलं?"

"काढलं ना. वजनानं खिळे निघून राह्यले व्हते. अन् रोज चावी कोण देत बसल? चौदाचं बी मागं बकेटीत पडून हाय. उद्या भंगारवाला येऊन राह्यला."

उद्या. आमच्या जालन्यात भंगारात गेलेली वस्तू परत वस्तू म्हणून येत नाही. लोखंड असेल तर सळई होते, पितळ असेल तर कुठेतरी जाऊन नळाची तोटी होते. आणि त्या मोराच्या पोटात माझी एक गोष्ट होती. माझी आणि माझ्या बापाची. त्यातलं कुणाचं काय, हे मला तीस वर्षं ठाऊक नव्हतं.

"जेवण राहू दे," मी मुलाला म्हणाले. "बकेट दाखवा."

*

आबांचं, म्हणजे माझ्या बापाचं, दुकान जुन्या जालन्यात गल्लीच्या तोंडाशी होतं. एका बाजूला कापडाचं ठोक दुकान, दुसऱ्या बाजूला धान्याचं. त्यामुळे आमच्या घड्याळांना एका अंगाने कोऱ्या मांजरपाटाचा वास यायचा आणि दुसऱ्या अंगाने ज्वारीच्या धुळीचा. मधला वास आमचा: रॉकेल, पितळ, आणि आबांच्या विडीचा धूर. आबा भिंतीवरची टोलाची घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना लोक वस्ताद म्हणत. दुकानामागे पडदा, पडद्यामागे आमचं घर.

आमचं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं. खंडेनवमीला लोक विळे, कुदळी, नांगर पुजत, आणि घड्याळ हेही यंत्रच, म्हणून घड्याळही पुजत. पूजा म्हणजे कशी? दार उघडून, तबकडीमागे बोट घालून, चाकांना हळद, चाकांना कुंकू, आणि वरून घरातलं तेल. प्रेमाने. पळीभर. दसऱ्याला पुजलेलं घड्याळ दिवाळीच्या थंडीत बरोबर गोठायचं. मग एसटीच्या टपावरून, सायकलच्या कॅरेजवर, बायकोच्या मांडीवर बसून घड्याळं आमच्या दारात यायची. गोधडीत गुंडाळलेली, आजारी माणसासारखी.

आबा मागचं झाकण काढत आणि पहिल्यांदा नाक आत घालत. "करडई," ते म्हणत. "अंबडकडचं हाय." किंवा, "खोबरेल. घरात सून नवी दिसती." किंवा, "हे बघा, हे तर चमेली. घड्याळाचा भांग पाडायचा व्हता का?" माणूस लाजून उभा. मग आबांचा आवाज चढे. दोन दुकानं सोडून पलीकडचे हमाल हा तमाशा ऐकायला येत. "करडईच घातली, मंग बेसन का न्हाई घातलं? भजी तरी निघाली असती! ह्यो जर्मन हाय, जर्मन! सात समुद्र वलांडून आला, अन् तुम्ही त्याला फोडणी दिली!"

मी पडद्यामागे पोट धरून हसायची. त्या रागाची मी आयुष्यभराची वारसदार आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

नाकानंतर डोळे. तबकडी खोटं बोलते, आबा सांगायचे. तबकडीवर कुणाचंही नाव रंगवता येतं. मशीन मात्र आपला मुलूख लपवत नाही. जाड, भरीव पितळेच्या पट्ट्या, त्यावर ठसा आणि आकडे, तर जर्मन. पातळ पट्ट्या, मधे मोठाल्या खिडक्या कापलेल्या, स्प्रिंगा उघड्यावर, तर अमेरिकन. अमेरिकनासारखंच सगळं, पण अंगावरचा ठसा निराळा आणि काम जरा जास्तच नीटनेटकं, तर जपानी. मी दहावीला येईपर्यंत मला नुसत्या टोलावरून सांगता यायचं. मैत्रिणींना हिरोंचे आवाज ओळखता येत, मला जर्मनीचा.

आणि डोळ्यांनंतर सही. मशीनच्या दोन पट्ट्या उघडल्या की मागच्या पट्टीच्या आतल्या अंगावर, जिथे कधी कुणाची नजर जात नाही, तिथे आधीच्या कारागिरांच्या खुणा असत. सुईने कोरलेल्या, इवल्याशा. कुणाचा त्रिकोण, कुणाचं उर्दू अक्षर, कुणाचा विंचू. प्रत्येकजण आपलं काम करून, गावाचं अक्षर आणि महिना टाकून, खूण करी आणि घड्याळ बंद करी. आबांची खूण कोयरी. खूण करण्याआधी ते अंगठ्याच्या नखाएवढी जागा घासून आरशासारखी करत, आणि मग एका दमात कोयरी काढत, सुई न उचलता.

ह्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. "ज्यानं काम केलं, त्याची खूण. दुसऱ्याच्या कामावर आपली खूण म्हंजी चोरी." एकदा शेजारच्या गावातल्या एका कारागिराने आबांनी बसवलेल्या चाकाजवळ आपला विंचू काढलेला सापडला, तर आबा तीन दिवस जेवताना त्याच्यावर बोलत होते. आईने शेवटी ताट वाजवून त्यांना थांबवलं.

*

बकेट रंगाची होती. काठाला निळा रंग वाळलेला, आत चौदा मशिनं एकमेकांच्या अंगावर फेकलेली. वर कुणीतरी चहाचा गाळ टाकला होता. मी हॉटेलच्या मागच्या पायरीवर साडी आवरून बसले आणि एकेक मशीन बाहेर काढलं. अमेरिकन. जपानी. जपानी. एक अमेरिकन, ज्याची आसांची झिजलेली भोकं कुणा अडाण्याने हातोडीने ठोकून बारीक केली होती; त्याला मी तिथल्या तिथे दोन शिव्या दिल्या. मुलगा मागे उभा राहून म्हणाला, "आई, लोकं बघून राह्यले."

"बघू दे. फुकट हाय."

दहावं मशीन जड लागलं. भरीव पट्ट्या. जर्मन. मी पदराने मोठं चाक पुसलं आणि फिरवलं. पिवळे दात, पिवळे दात, पिवळे दात, आणि मग तीन दात किंचित तांबूस.

माझ्या हाताची बोटं तिथेच थांबली. पदर घेऊन पुन्हा पुसलं. तीनच. अडकित्त्याच्या रंगाचे.

*

तीस वर्षांपूर्वीच्या एका कार्तिकात आबांचा उजवा हात कानस धरेनासा झाला. का, ते घरात कुणी विचारलं नाही. नेमकं तेव्हाच टेंभुर्णीहून दादाराव आले. मोठे शेतकरी, अंगाने उंच, आवाज त्याहून उंच. त्यांनी बरोबर आणलेलं घड्याळ म्हणजे हा मोर. चावी देता देता खटका सुटला होता, स्प्रिंग एका दमात उलगडली होती आणि मोठ्या चाकाचे तीन दात घेऊन गेली होती.

"बनंल का, वस्ताद?" दादारावांनी विचारलं.

"बनंल," आबा म्हणाले, आणि उजवा हात मांडीखाली सरकवला. हे फक्त मला दिसलं. मी पडद्याच्या फटीत होते.

मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. आबांनी चाक आत आणलं आणि माझ्यासमोर पाटावर ठेवलं. भिंग ठेवलं. कानशी ठेवल्या, जाड ते बारीक. मी आईच्या मोडक्या पितळी अडकित्त्याची मूठ कापली. चाकात खाच पाडली, तुकडा बसवला, कथलाचा डाग दिला. मग दात. एकेक दात कानशीने आकाराला आणायचा, शेजारच्या दाताशी ताडून पाहायचा, पुन्हा घासायचा. केसभर चुकलं तरी केसभर जास्त. दिवाळी संपून गेली तरी अंगणात कुणीतरी उरलेले टिकल्यांचे रोल फोडत होतं. प्रत्येक आवाजाला माझी कानस थबकायची. आई चकलीच्या डब्यात रोज एक चकली कमी होताना पाहायची. अकरा दिवस. मग टोकदार तुराटीने भोकं साफ केली, पट्ट्या रॉकेलात धुतल्या, धोतराच्या फडक्याने पुसल्या. माझ्या बोटांमुळे त्या महिन्यात काहीही खाल्लं तरी रॉकेलाची चव लागायची. तेवढी चवदार दिवाळी मला पुन्हा मिळाली नाही.

मी खूणही ठरवली होती. चिमणी. चार रेघांत. मोडक्या पितळेवर मी पन्नास चिमण्या काढून पाहिल्या होत्या. आबांनी त्या पाहिल्या, भिंग डोळ्याला लावून पाहिल्या. म्हणाले, "शेपटी जड हाय." आणि मशीन घेऊन बाहेर दुकानात गेले. जोडणी त्यांनी केली. बंदही त्यांनीच केलं.

दादाराव आले तेव्हा घड्याळ दुकानाच्या भिंतीवर चालत होतं. आबांनी काटा फिरवला, टोल झाला, गल्लीतला हमाल थांबला. दादारावांनी दार उघडून खालून मोठ्या चाकाकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"वस्ताद, हात हाय का जादू? ह्या जिल्ह्यात तुमच्यावाणी दुसरा न्हाई. बिलकुल न्हाई!"

मी पडद्यामागे परात घेऊन उभी. आता ते म्हणतील. आता म्हणतील, हे माझ्या पोरीनं केलं.

आबा हसले. "आशीर्वाद हाय तुमचा," म्हणाले.

मी हातातली पितळी परात फरशीवर टाकली. मुद्दाम. ती बराच वेळ गरगरत राहिली.

"काय पडलं?" दादारावांनी विचारलं.

"मांजर असंल," आबा म्हणाले.

मांजर! मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण मला भूक सहन होत नाही. पण बोलले नाही. चोरी, त्यांच्याच कायद्याने चोरी. त्या मशीनच्या पोटात आता कोयरी असणार, माझ्या अकरा दिवसांवर बसलेली, एका दमात काढलेली.

पुढे मी अंबडला सासरी आले. येताना भिंग मागून आणलं. इथेही घड्याळं येत राहिली, खिडकीजवळच्या टेबलावर मी ती उघडत राहिले, त्यांच्या पोटात माझ्या चिमण्या बसवत राहिले. शेपटी आता हलकी काढते. आबांशी बोलायला लागले होते, पण एक गोष्ट त्यांनी काढली की माझं तोंड पुन्हा बंद व्हायचं. आणि ते ती दर दिवाळीला काढायचे. भाऊबीजेला माहेरी गेले की चहा होईपर्यंत धीर धरायचे, मग म्हणायचे:

"माय, टेंभुर्णीचं घड्याळ तेलाला आलं असंल. तू जा. उघडून तेल घालून ये."

दर वर्षी मी तेच उत्तर द्यायची. "ज्यानं केलं, त्यानं जावं."

ते विडी विझवायचे. बरं म्हणायचे.

शेवटच्या दिवाळीला त्यांना चहाचा कप दोन हातांनी धरावा लागत होता. तरी म्हणाले, "टेंभुर्णीचं..." मी म्हणाले, "आबा, ज्यानं केलं, त्यानं जावं." ते चक्क हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला, की मी फराळाचा डबा तिथेच विसरून एसटीत बसले. पुढच्या दिवाळीला विचारणारं कुणी नव्हतं. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

*

मालकाशी सौदा पायरीवरच झाला. बकेट अख्खी माझी; त्याच्या बदल्यात मोराच्या पोटात मी चालतं मशीन बसवून द्यायचं.

"खरंच चालंल?" त्याने विचारलं. "आजोबाच्या घरून आणलं हो ते. टेंभुर्णीवून. मला तर वाटलं, हे असंच राहत असंल. मुकं."

म्हणजे हा दादारावांचा नातू. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. उंची होती. आवाज यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीत ऊन आल्यावर, मी खटका दाबून चावीने स्प्रिंगांचा ताण हळूहळू उतरवला. स्प्रिंगेत जोर असताना पट्ट्या उघडणाऱ्याची बोटं जातात. तेल इतकी वर्षं साचून काळं झालेलं. मी नाक आत घातलं. करडई. अरे, आजोबांपासून नातवापर्यंत एकाही दसऱ्याला तुमचा हात थांबला नाही का रे! कोपऱ्यात हळदीचा पिवळा थर, मधे कुंकवाची लाल रेघ. सगळं रॉकेलात धुतलं. मग पट्टी उलटी केली आणि भिंग लावलं.

मी कोयरी पाहायला तयार होते. तीस वर्षं मी त्या कोयरीला काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, आवाजाच्या चढउतारासकट.

"टे." होतं. आबांचं अक्षर. खाली "कार्तिक." त्याच्या शेजारी अंगठ्याच्या नखाएवढी जागा, घासून घासून आरशासारखी केलेली.

आणि त्या जागेवर काही नव्हतं.

मी पट्टी उन्हात धरली. फिरवली. कोयरी नाही. एक रेघ नाही. करडई, हळद, कुंकू, एवढी वर्षं, आणि तरी ती जागा तेवढीच स्वच्छ राहिली होती. तिच्यात माझा एक डोळा दिसत होता.

"आबा," मी मोठ्याने म्हणाले. घरात कुणी नव्हतं. "आबा, तोंड नव्हतं का तुम्हाला?"

आणि म्हणता म्हणता मला सगळ्या दिवाळ्या आठवल्या. तोंड होतं. दर दिवाळीला होतं. तू जा. उघडून ये. आणि मी, महामूर्ख, ताठ मानेने दर वर्षी त्यांना सांगत होते की ज्यानं केलं, त्यानं जावं. आणि ते दर वर्षी बरं म्हणत होते.

मी खूप रडले असं लिहिलं तर शोभेल, पण ते खोटं होईल. मी संतापले. त्या सबंध दिवसात मी जेवढी संतापले, तेवढी पडद्यामागेही संतापले नव्हते. त्यांच्यावर, की चार माणसांत एक वाक्य बोलता आलं नाही आणि एकांतात कोडं घालत बसले. आणि स्वतःवर, की टेंभुर्णीची एसटी एकदा धरायची सोडून एका हट्टावर मी इतक्या दिवाळ्या घालवल्या. दोन्ही राग एकाच घरातले. त्यांना वेगळं काढता येईना. शेवटी मी सुई घेतली आणि आरशावर चिमणी काढली. चार रेघा. मुद्दाम जड शेपटीची. तेव्हाची.

मग बाजूला, जरा जागा होती तिथे, एक लहानशी कोयरीही काढली. काम त्यांचं नव्हतं, कायद्याने चोरीच ती. पण जागा घासून ठेवायचं काम त्यांचं होतं.

*

मोर आता भिंतीवर चालतो. बाकीची तेरा अजून दहा वाजून दहा मिनिटांवर आहेत. त्यांची मशिनं माझ्या टेबलाखाली रांगेत बसली आहेत, आणि मी त्यांना एकेक करून परत पाठवणार आहे, मालकाने मागितली नसली तरी. एका खोलीत चौदा टोल लागतील, तेव्हा त्या पनीरवाल्यांचं काय होईल, ह्या विचाराने मला आत्तापासूनच गुदगुल्या होतात.

परवा मालकाचा फोन आला.

"मावशी, लई जोरात वाजून राह्यलं हो ते. बारा वाजले, अन् एका बाईच्या हातची रश्शाची वाटी सांडली!"

"बारा वाजले व्हते का न्हाई?"

"वाजले व्हते."

"बराबर वाजले?"

"एकदम बराबर."

"मंग त्या बाईला सांग, वाटी नीट धरत जा."

तो हसला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "मावशी, एक विचारायचं व्हतं. दसरा येऊन राह्यला. आमची आजी म्हणती, घड्याळ पुजायचं असतं. मंग तेल कोणतं घालू? करडईचं चालंल?"

मी फोन कानापासून दूर धरला, घसा साफ केला, आणि त्याला आबांच्या आवाजात जे काही सुनावलं, ते ऐकायला खिडकीखाली शेजारची चार माणसं जमली.

"हळदकुंकू पेटीला," मी म्हणाले. "आत बोट घालायचं न्हाई. तेलाला मी येईन. मी केलंय ते."

"बरं," तो म्हणाला.